चंद्रीच्या डोक्यावर पडलो तो मीच

मी पाल बोलतोय. बोलतेय न्हाय, बोलतोय. तुमच्यात पाल म्हणलं की सगळी बाईच. मांजराच्या नराला बोका हाय, शेळीच्या नराला बोकड हाय, माझ्यासाठी एक शब्द काढायला कुणाला सवड झाली न्हाय. असू दे. मी कुटं शाळेत गेलोय भांडायला.

तोंड वाकडं करू नका. ती चप्पल पण खाली ठेवा. मी काय अंगावर येत न्हाय, हितं भिंतीवरच बसून बोलतो. अंगावर एकदाच पडलोय, तेवढ्यानं माझी सगळ्या गल्लीत बदनामी झालीय. ती कशी झाली तेच सांगायचंय.

माझं घर सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका बोळात. खाली चनमल्लप्पांचं किराणा दुकान. वर त्यांचा संसार, आणि चार पायऱ्या चढून, गच्चीच्या जिन्याला लागून एक बारकी खोली. ती खोली चंद्रिकाची म्हणत्यात. चंद्रिका म्हंजे त्यांची पोरगी, घरात चंद्री. एक खाट, एक टेबल, एक ट्यूब, सिद्धेश्वर महाराजांचा एक फोटो. त्या फोटोमागं माझा जन्म झालाय. आता खोली कुणाची ते तुमीच ठरवा.

आमच्यात आई अंडं चिकटवते आणि निघून जाते. बाळंतपण न्हाय, बारसं न्हाय, काय न्हाय. मी फुटून बाहेर आलो तेव्हा समोर फोटोचा मागचा पुठ्ठा होता. त्यालाच मी लई दिवस आई समजत होतो. त्याला टेकून झोपायचो. पुठ्ठा पण बिचारा गपच होता, एकदा बी म्हणला न्हाय की मी तुझी आई न्हाय.

मोठा झालो तसं कळलं, आमच्यात एका ट्यूबला एकच पाल. दुसरा कुणी आला की भांडायचं, चावायचं, हाकलायचं. स्वैपाकघरातल्या ट्यूबवर एक जाडा बसलेला असतो. तो माझा भाऊ असंल पण, काय सांगावं. बोलायची सोय न्हाय. मी दारापर्यंत जातो, तो तितनं बघतो, मी हितनं बघतो, आणि परत फिरतो. आमची पाहुणकी एवढीच.

तर ही ट्यूब म्हंजे माझं ताट. ती लागली की किडे येत्यात, किडे आले की मी जेवतो. चंद्री दहावीला गेली आणि माझी चंगळ झाली. रोज संध्याकाळी ट्यूब चालू, चंद्री टेबलाशी, पुस्तक उघडं. कमलम्मा, म्हंजे तिची आई, कडक भाकरी थापता थापता खालनं ओरडायची, "चंद्रीऽ, काय करतीस?"

"अभ्यास, अव्वाऽ!"

मी वर, ती खाली. वरनं सगळं दिसतंय की. गणिताचं पुस्तक उभं, आणि पुस्तकाच्या आत मोबाईल. मोबाईलात तिची जिवाची मैत्रीण भार्गवी. दोघी रील बघायच्या, एकमेकीला पाठवायच्या, आणि उशी तोंडात धरून हसायच्या. मी पण बघायचो वरनं. एकात एक माणूस तोंडावर दही घेऊन पडतो, ते मला लई आवडायचं.

मी तिला कशाला सांगू अभ्यास कर म्हणून? माझं पोट भरत होतं.

मी पण काय कमी न्हाय. या घरात एक समजूत हाय. माणूस काय तरी बोलला आणि त्याच टायमाला मी चुकचुकलो, की ते बोलणं खरं. पुस्तकातल्या मराठीत मी शंकेचा म्हणं, पण चनमल्लप्पांच्या घरात मी खऱ्याचा. माझा आवाज आला की कमलम्मा जितं असेल तितं बोटानं जमिनीवर टकटक करणार आणि म्हणणार, "खरं, खरं, शिवशिव." हे मला कळलं त्या दिवसापासनं मी लई खेळलोय.

एकदा चनमल्लप्पा जेवताना सहज म्हणले, "बघू, रविवारी अक्कलकोटला तुझ्या माहेरी जाऊन येऊ." असं ते दर आठवड्याला म्हणायचे. मी म्हणलं, चुक् चुक् चुक्. कमलम्माचं बोट टकटक. झालं! माणसाला दुकान बंद ठेवून जावं लागलं. मेव्हण्यानं त्यांना दिवसभर स्वतःच्या बोअरची गोष्ट सांगितली म्हणं. आल्यावर वर बघून मला म्हणले, "हल्ली, तुला सोडत न्हाय मी." कन्नडमदी पालीला हल्ली म्हणत्यात. या घरात राग कन्नडमदी येतो आणि हिशेब मराठीत होतो.

आता पडल्याची गोष्ट.

बीजगणिताच्या पेपराची सकाळ. चंद्री न्हाऊन, वेणी घालून खोलीत आलेली. मी पंख्याच्या बुडाशी एका फुलपाखराच्या मागं होतो. हिनं न बघता पंखा पाचवर टाकला. मी काय चिकटपट्टी हाय? आलो खाली. थेट डोक्यावर, तितनं खांदा, तितनं खाट, तितनं भिंत.

माणूस पडला तर त्याला उचलत्यात, हळद लावत्यात. मी पडलो तर पंचांग काढत्यात.

"अव्वा! पाल! डोक्यावर!"

कमलम्मा पिठाच्या हातानं पळत आली. "अय्यो शिवने! डोक्यावर? का खांद्यावर?"

"दोन्हीकडं."

"पयलं कुटं टेकली ते सांग की!"

"डोकं."

चनमल्लप्पांनी खिळ्याला टांगलेलं पंचांग काढलं. पाल कुटं पडल्यावर काय होतंय ते त्याच्या मागच्या पानावर असतंय. "बायकांचं येगळं असतंय, थांब... कपाळ, नाक, डावा गाल... हां, डोकं." वाचलं, आणि पंचांग मिटलं.

"काय लिवलंय अप्पा?"

"काय न्हाय. न्हाऊन घे."

"मी आत्ताच न्हालेय!"

"परत न्हा. डोक्यावरनं."

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत न्हाय. त्या दिवशी सुटायचं होतं, म्हंजे घरात तळाचं उरलेलं. ठेवणीतली बादली चंद्रीच्या डोक्यावर गेली. देवापुढं तेलाचा दिवा झाला. तरी कमलम्माचं मन लागेना. मागच्या गल्लीत रत्नम्मा राहते, तेलुगू, तिचा नवरा चादरीच्या कारखान्यात. ती कांचीला जाऊन आलीय. तितल्या देवळात वर एक सोन्याची पाल हाय म्हणं. तिला हात लावला की आमच्या पडण्याचा दोष लागत न्हाय. आणि ज्यानं तिला हात लावलाय त्याला हात लावला, तरी चालतंय. करंट लागतो तसं.

बघा म्हंजे. आमच्यातला एक सोन्याचा होऊन देवळात बसलाय, लोकं रेल्वेचं तिकीट काढून त्याला भेटायला जात्यात. मी खरा हाडामांसाचा, घरबसल्या भेटतो, तर मला झाडू.

माझ्या खिडकीतनं मागची गल्ली दिसते. रत्नम्मा नळाला होती. ओल्या केसांची चंद्री, तिच्यामागं कमलम्मा, आणि बोळाच्या तोंडाशी स्कूटरवर हॉर्न वाजवत चनमल्लप्पा.

"रत्नम्मा, हात दे!"

"घागर भरू दे की अम्मा, पाणी जाईल!"

"पोरीवर पाल पडलीय, पेपर हाय तिचा!"

"बल्ली पडला? अरे देवा! घे मग, धर. कोपरापर्यंत धर. मी लई घट्ट हात लावलेला तितं."

चंद्रीनं रत्नम्माचा कोपर धरला, घागर वाहून गेली, आणि स्कूटर गेली. पेपराला ती वेळेत पोचली. खरं म्हंजे लवकरच पोचली. केस तेवढे ओले होते.

मे महिन्यात निकाल लागला. या गावात मे महिन्यात भिंत पण चावते, पाय कुटं ठेवायचा कळत न्हाय. चंद्री मोबाईल घेऊन खाटेवर बसलेली. आईबाप दोघं उभे. बोटानं सारखं खालीवर करत होती, जसं काय खाली अजून एखादा आकडा मिळंल.

सगळ्या विषयात पास. गणितात सत्तावीस.

 आधी कमलम्माच बोलली. "मी म्हणलेलं न्हाय का? त्याच दिवशी म्हणलेलं. ती पाल!"

आणि सगळ्यांना लई बरं वाटलं बघा. चनमल्लप्पांनी सुस्कारा सोडला. शेजारी आले, ते पण म्हणले, पाल पडल्यावर पोर तरी काय करणार. रत्नम्मा आली, म्हणली, "माझ्या हाताला नळाचं पाणी होतं, पोचलं नसेल." एवढ्या माणसांनी एवढ्या प्रेमानं एका पोरीला सोडवलं. आणि चंद्री? ती मान खाली घालून गप. व्हय पण न्हाय, न्हाय पण न्हाय. मी वरनं तिच्याकडं बघत होतो. एकदा वर बघ म्हणलं. तिनं बघितलं न्हाय.

त्याच दुपारी कमलम्मा झाडू घेऊन आली. मी फोटोपर्यंत पोचलो, माझं शेपूट न्हाय पोचलं. आमचं असंच असतंय, जीव वाचवायचा तर शेपूट सोडून द्यायचं. ते खाली फरशीवर वळवळत राहिलं आणि कमलम्मा त्यालाच मारत बसली. मी फोटोमागनं माझ्याच शेपटाला मार खाताना बघितलं. हसू आलं आधी. मग न्हाय आलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोरपीस लागलं. लोकांच्यात पाल घालवायला अंड्याची टरफलं टांगत्यात, पण या घरात अंडं येत न्हाय, म्हणून मोरपीस. त्याला मी का भ्यायचं ते मला अजून कळलं न्हाय. ऊन जास्त झालं की मी त्याच्याच मागं झोपतो.

माझे खरे वाईट दिवस झाडूचे न्हवते. ते पुढं आले. चंद्रीनं ट्यूब लावायचं सोडलं.

संध्याकाळ झाली की ती भिंतीकडं तोंड करून पडायची. अंधारात. डोळे उघडे. किडे खिडकीपर्यंत यायचे, आत अंधार बघून दुकानाच्या बल्बकडं जायचे. मी रिकाम्या ट्यूबवर बसून राहायचो. शेपटात आमची चरबी असते, अडीअडचणीची. तेच न्हवतं. उडी मारली की तोल जायचा. एकदा भिंतीवरनं तिच्या उशाशीच पडलो. तिनं मला बघितलं. ओरडली न्हाय, उठली न्हाय. नुसती बघत राहिली. मला त्याचीच लई भीती वाटली. पोरगी पालीला भ्यायची पण बंद झाली म्हंजे काय तरी लईच बिघडलंय.

एक दिवस भार्गवी पेढे घेऊन आली. तिला लई मार्क पडलेले. खाटेच्या कडेला बसली, असं बसली की लगेच उठता येईल.

"ती पाल कुटंय गं? स्टोरीला टाकते."

"नको टाकू."

"अकरावीचा फॉर्म भरलास?"

"मला डिप्लोमा करायचाय. त्याला गणित सुटायला पायजे."

"मग जुलैला परत देणार?"

"बघू. माझं नशीबच फुटकं. पेपराला निघाले आणि पाल पडली..."

भार्गवी हातातल्या पेढ्याच्या बॉक्सचं झाकण उघडझाप करत होती. "चंद्रे, माझ्यापुढं तरी नको ना सांगू ते."

"काय?"

"रील आपण दोघी बघत होतो. मी पहाटे उठून गणितं करायची. तुला फोन करायची, तू उचलायची न्हाईस. पाल काय रोज पहाटे पडत होती तुझ्यावर?"

चंद्रीनं भिंतीकडं तोंड केलं. भार्गवी टेबलावर एक पेढा ठेवून, "येते हां" म्हणून गेली. नंतर ती आली न्हाय. फोन पण हळूहळू थांबला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडलेली माणसं परत येत्यात.

पेढ्याला मुंग्या लागल्या. मी मुंग्या खात न्हाय, पण त्या दिवसांत खाल्ल्या.

आता अडचण अशी की पोरीचं गप्प बसणं घरातल्यांनी मनावर घेतलं. एका संध्याकाळी दोघं तिच्या खोलीत आले. चनमल्लप्पांनी ट्यूब लावली. मी तोंड फिरवलं, एवढा उजेड सोसंना.

"ऊठ," ते म्हणले. "ठरवलंय मी. कांचीला जाऊ. तिघं पण. सोन्याच्या पालीला स्वतःच्या हातानं हात लाव. रत्नम्माचा हात नको, काय नको. तितनंच तिरुपती करू. जाऊन येऊन आठवडा-पंधरा दिवस. मग आल्यावर पेपर दे, कसा सुटत न्हाय बघू."

"आणि दुकान?" चंद्रीनं विचारलं.

"बंद ठेवतो."

बापानं दुकान बंद ठेवतो म्हणलं! सासरा वारला तेव्हा सुद्धा अर्धं शटर उघडं होतं. कमलम्मा पोरीच्या केसातनं हात फिरवत होती. "आमचंच चुकलं गं. आधीच न्यायला पायजे होतं तुला."

मला वरनं पुढचं सगळं दिसलं. ही जाणार. रेल्वेत खिडकीत बसणार, इडली खाणार, पालीला हात लावणार. अभ्यासाचे दिवस रेल्वेत जाणार. परत सत्तावीस. मग म्हणणार, हात नीट लागला न्हाय. मग मोठा देव, मग लांबचा देव. आणि खोलीत अंधार.

"मी येत न्हाय," चंद्री म्हणली.

"का?"

"पेपर जवळ आलाय."

"त्याच्यासाठीच तर जायचंय की!"

"अप्पा, भूमितीच्या पेपराला कुटं पाल पडली होती?"

चनमल्लप्पा बायकोकडं बघायला लागले. कमलम्मा म्हणली, "दोष राहतोय ना अंगात, तेवढे दिवस..."

"अव्वा, दोष बीष काय न्हाय." चंद्रीचा आवाज एवढा बारीक की मी दोन पाय खाली सरकलो. "मी अभ्यासच केला न्हवता. वर्षभर. पुस्तकात मोबाईल धरून बसायची. पेपर हातात आला तेव्हा पयल्या पानावरचंच येत न्हवतं. केस ओले होते म्हणून न्हाय. येतच न्हवतं."

वर ट्यूब फडफडायला लागली.

मी आजवर लई वेळा चुकचुकलोय. किडा चुकला म्हणून, कंटाळा आला म्हणून, चनमल्लप्पांना सासरवाडीला पाठवायला. मस्करी न करता त्या दिवशी पयल्यांदा.

चुक् चुक् चुक्.

कमलम्माचं बोट आपोआप खाटेच्या दांडीवर गेलं. टक टक टक. "खरं, खरं, शिव..." आणि ती मधेच थांबली. बोट तसंच दांडीवर.

चनमल्लप्पा वर माझ्याकडं बघत होते. मग पोरीकडं. चंद्री काय तरी बोलायला गेली. "सुम्न कूड," एवढंच म्हणले ते, म्हंजे गप बस. आणि जिना उतरून दुकानात गेले. त्या दिवशी ते वर जेवायला आले न्हाईत. कमलम्मा दारात उभी राहून रडली, पण रडताना पोरीला शिव्या पण देत होती, म्हंजे बरं चाललेलं.

सकाळी चंद्रीनं मोबाईल नेऊन बापाच्या गल्ल्यात ठेवला. चनमल्लप्पांनी साखर तोलता तोलता गल्ला नुसता ढकलला. दोन दिवसांनी मात्र ते स्टूल घेऊन वर आले आणि फडफडणाऱ्या ट्यूबचं स्टार्टर बदललं. उतरताना माझ्या तोंडाशी तोंड आलं. "बघतोस काय," म्हणले, "काम कर तुझं."

मग चंद्री अभ्यासाला बसली. तुमाला वाटेल बसली आणि झालं. असं कुटं असतंय. पयल्या आठवड्यात एक पण गणित सुटलं न्हाय. ती करायची, मागचं उत्तर बघायची, खोडायची. पेन्सिल भिंतीवर मारायची, म्हंजे माझ्यावर. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपल्याला कळतंय. पण दुसरा आणायचा कुटनं? भार्गवीचं कॉलेज बघायचं चाललेलं. बाकीच्या पोरी हिला बघून आधी "अगं कशीयेस" म्हणायच्या, आवाजात तूप घालून, ते हिला नको असायचं. शेवटी एक दिवस ती वर बघून म्हणली, "ए हल्ल्या. ऐक."

असा मी शाळेत गेलो.

"हे वर्गसमीकरण. एक्सचा वर्ग असला की वर्गसमीकरण. कळलं का?"

मी गप.

"न्हाय कळलं? मग परत."

ती परत सांगायची. मला एक्स कोण ते अजून कळलेलं न्हाय. सारखा हरवलेला असतो आणि सगळी त्याला शोधत असत्यात, एवढंच कळलं. मला पण कुणी असं शोधायला पायजे होतं.

भिंतीवर तिनं मोठ्या कागदावर सूत्र लिवून लावलं. कागद थंड असतो, मी त्याच्यावर पडायचो. ती दरवेळी सुरुवातीचं वजा विसरायची आणि सगळं गणित बोंबलायचं. एकदा मी नेमका सूत्रातल्या 'बी' अक्षराच्या अलीकडं, वजाच्या जागी आडवा झोपलो होतो. ती बघून एकटीच हसली. "व्हय रे बाबा, वजा बी." निकालापासनं ती हसलेली मी पयल्यांदा बघितली, आणि बघायला मी सोडून कुणी न्हवतं.

माझं शेपूट पण तवर यायला लागलं होतं. तिनंच ते बघितलं आधी. "जाड आलंय की. आणि रेघा न्हाईत याच्यावर." मान वाकडी करून बघत बसली. "पयल्यासारखं येत न्हाय वाटतं."

न्हाय येत. पण उडी मारली की तोल जात न्हाय आता. तेवढ्याला पुरतंय.

जुलैच्या पेपराची सकाळ उजाडली. मी फोटोमागं गेलो आणि चारी पायांनी पुठ्ठा धरून बसलो. समोरनं दोन डास गेले, मी हाललो न्हाय. पंखा बंद. आणि कमलम्मा? कमलम्मा चंद्रीच्या डोक्यावर छत्री धरून उभी. घरात! पोरगी वेणी घालतेय, छत्री वर. कंपास भरतेय, छत्री मागं मागं.

"अव्वा, मिट ती. घरात छत्री उघडणं पण वाईटच असतंय की तुमच्यात."

कमलम्मा विचारात पडली. कुठलं वाईट मोठं ते तिला ठरवता येईना. "अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "पंचांगात बघा जरा, घरात छत्री..."

"पंचांग दुकानात न्हेलंय मी," चनमल्लप्पा जिन्यातनं म्हणले. "पुड्या बांधायला."

चंद्रीनं आईच्या हातातनं छत्री घेतली, मिटली आणि कोपऱ्यात ठेवली. जाताना दारात थांबली. फोटोकडं बघून नमस्कार केला. सिद्धेश्वरांनाच केला असेल. मी मागं होतो एवढंच.

सुटलं गणित. मार्क बेचाळीस. लई न्हाईत, मला म्हाइतीय. पेढे वाटले न्हाईत, कमलम्मानं शेंगापोळ्या केल्या आणि रत्नम्माला आधी पाठवल्या. डिप्लोमाला नंबर लागला, लातूरला. होस्टेलात राहायचं. पत्र्याची पेटी आली, गादीची वळकटी झाली. भिंतीवरचा सूत्राचा कागद तिनं काढला, गुंडाळला आणि बरोबर न्हेला. मला पण न्हेती का काय असं एक क्षण वाटलं. तितल्या ट्यूबवर कोण तरी असेलच म्हणा.

ती गेल्यापासनं हितं अंधार असतोय.

मी कुणावर रुसलो न्हाय. पास होऊन पोरगी जाणारच. पण मला कुणी सांगितलं न्हवतं की ती नापास झाली तर अंधार, आणि पास झाली तरी अंधारच. पयल्या अंधारात ती होती तरी. संध्याकाळी मी ट्यूबवर जाऊन बसतो, सवयीनं. खिडकीतनं रत्नम्माची गल्ली बघतो. स्वैपाकघराच्या दारापर्यंत जातो, जाड्या तितनं बघतो, मी हितनं बघतो. शेपूट परत बारीक व्हायला लागलंय.

मागच्या आठवड्यात कमलम्मा वर आली. हातात झाडू. तिनं ट्यूब लावली, आणि मी पळालो न्हाय. पळायला अंगात काय न्हवतं. तिनं खाटेखालनं झाडलं, टेबल पुसलं, पुसायला कायच न्हवतं तरी पुसलं. मग खाटेवर बसली आणि फोन लावला.

"जेवलीस का?... काय होतं?... बरं. व्हय, व्हय, ठेव. मैत्रिणी वाट बघत असतील."

फोन ठेवला. त्याच्याकडं बघत बसली जरा. मग मान वर केली, आणि आमी दोघं बघायला लागलो एकमेकाकडं. झाडू तिच्या मांडीवर होता.

"काय रे," ती म्हणली. "तू जेवलास का?"

मला आजवर हे कुणी विचारलं न्हवतं. पुठ्ठ्यानं पण.

ती उठली. लाइटबिल येतंय म्हणून एक दिवा दोन मिनिटं जास्त चालू दिसला तर गल्ली डोक्यावर घेणारी बाई ती. ट्यूब तशीच चालू ठेवून खाली गेली. आता रोज येते. झाडू आणते, झाडत न्हाय. लातूरला फोन करते, ट्यूब लावून ठेवते, जाते.

बरं, आता पुरं करतो. किडे जमायला लागलेत आणि बोलत बसलो की नेम चुकतो. तुमच्या घरातलं पण कुणी शिकायला गेलं असेल आणि खोली रिकामी पडली असेल, तर संध्याकाळी जरा वेळ तितली ट्यूब लावत जावा. वर कोण तरी असतंय.